मदत हवी आहे: तीन पायथन प्रोग्रॅम, सामाईक मॉड्यूल एकच, ईएक्सई कशी करू?

दूधगंगाकाठ: दूध संस्थेसाठी संकलन, बिल आणि हिशेब असे तीन प्रोग्रॅम लिहिलेत. दुधातल्या फॅट-एसएनएफवरून (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) दर काढायचं मॉड्यूल, म्हणजे कोडचा भाग, तिन्हींत तेच. ईएक्सई (विंडोजवर थेट चालणारी फाइल) प्रत्येकी ७० एमबी, उघडायला अर्धा मिनिट. दर बदलला की तिन्ही परत बनवून पेनड्राइव्हवरून ११ केंद्रांवर टाकतो. १ तारखेपासून नवा दर आहे. सामाईक भाग एकदाच कसा ठेवायचा? लवकर सांगा.

खटपट्या: कशाने बनवता? वनफाइल (सगळं एकाच ईएक्सईत) की फोल्डर? विंडोज कोणतं?

माळरान: ब्राउझरवर चालणारं करा, ईएक्सईची भानगडच नको. आमच्या दुकानात तसंच केलंय.

दूधगंगाकाठ: केंद्रांवर नेट टिकत नाही आणि पहाटे लोक किटल्या घेऊन रांगेत असतात. पायइन्स्टॉलर (पायथनची ईएक्सई करणारं साधन), वनफाइल. विंडोज १०, दोन ठिकाणी ७.

खटपट्या: वनफाइल दर वेळी सगळं टेंप फोल्डरमध्ये उलगडते, म्हणून उशीर. स्पेक फाइलमध्ये (पायइन्स्टॉलरला सूचना देणारी फाइल) तीन ॲनालिसिस (काय काय लागतं ते शोधणं), तीन ईएक्सई आणि शेवटी एकच कलेक्ट (सगळं एका फोल्डरात गोळा करणं) लिहा. एका फोल्डरात तिन्ही येतील, डीएलएल (प्रोग्रॅमना लागणाऱ्या तयार कोडच्या फाइली) एकदाच राहतील.

सह्यकडा: त्यासाठी पायइन्स्टॉलरचं मर्ज आहे की, सामाईक भाग एकाच ईएक्सईत ठेवणारं! तेच वापरा.

खटपट्या: वापरून सोडलंय. बाकीच्या ईएक्सई पहिलीवर अवलंबून राहतात आणि आणखी हळू उघडतात.

सह्यकडा: माझं व्यवस्थित चाललंय.

शेवंती: तुमच्या वादात त्यांचा प्रश्न राहिला. कलेक्टने आकार घटेल, पण त्यांचं स्वतःचं मॉड्यूल प्रत्येक ईएक्सईच्या पोटातल्या पीवायझेडमध्येच (पायथन कोडचा गठ्ठा) जाणार. म्हणजे दर बदलला की तिन्ही पुन्हा बनवणं आलंच. दूधगंगाकाठ, दर कोडमध्ये लिहिलेत का?

दूधगंगाकाठ: हो. सीएसव्हीत (साधी तक्त्याची फाइल) ठेवून पाहिलं होतं, ईएक्सईला फाइल सापडत नाही.

शेवंती: फाइलचा पत्ता \_\_फाइल\_\_ (चालू कोडफाइलचा पत्ता) वरून काढत असाल. वनफाइलमध्ये तो टेंपमधला येतो. सिस.एक्झिक्युटेबल, म्हणजे खुद्द ईएक्सई, ज्या फोल्डरात आहे तो घ्या. सवड मिळाली की तिन्हींची एकच ईएक्सई करा आणि तीन शॉर्टकटना वेगवेगळं आर्ग्युमेंट (कोणता प्रोग्रॅम उघडायचा ते सांगणारा शब्द) द्या. मग सामाईक मॉड्यूलही एकदाच राहील.

माळरान: विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढचं चालत नाही, लक्षात ठेवा.

दूधगंगाकाठ: ३.८ वरच बनवतो. शेवंतीताई, फाइल सापडली! तिन्ही ईएक्सई एका फोल्डरात, शेजारी एकच सीएसव्ही. दर बदलला आणि तिन्हींत लागला. उद्या पहाटे एका केंद्रावर लावून बघतो. एकच ईएक्सई करायचं काम बिलं वाटून झाल्यावर.