सिएटल वि. ह्यूस्टन: या तीन मॅचमध्ये आपलं काही होईल का?

इंदूरची_मावशी (१९ सप्टेंबर २०२५, दुपारी)
नमस्कार मंडळी. बहिणीचा मुलगा सिएटलला असतो, त्याच्याकडे तीन महिने राहून आले तेव्हा त्याने मला तिथल्या बेसबॉल टीमचं, मरीनर्सचं वेड लावलं, आता तो असतो कामात आणि मी इथे इंदूरला पहाटे उठून बेसबॉल बघते, आमच्या ह्यांना वाटतं योगासनं चाललीयेत. असो. उद्या सकाळी ५:४० पासून ह्यूस्टनशी तीन मॅच, त्यांच्याच मैदानावर. दोघांचे ८४ विजय ६९ पराभव, अगदी बरोबरीत. आपण डिव्हिजन (म्हणजे लीगमधला आपला पाच टीमचा गट) शेवटची जिंकली २००१ मध्ये, त्या वर्षी ११६ मॅच जिंकूनसुद्धा वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, नशिबात नव्हती, अजूनही कधी गेलोच नाही. आणि हे ह्यूस्टनवाले २०१७ पासून एक २०२० सोडलं तर दर वर्षी डिव्हिजन नेतात. भाचा म्हणतो यंदा नक्की, पण तो २०२३ लाही हेच म्हणाला होता. मला एवढंच सांगा की १६२ मॅचमधल्या या तिघींचंच एवढं काय घेऊन बसलेत सगळे, आणि खरा चान्स किती? मन राखायला काही सांगू नका.

रामबागचा_भिया
मावशी मी पण इंदूरचाच. हे बघा, बेसबॉलमध्ये नेट रन रेट वगैरे भानगडच नाही, शेवटी दोन टीम बरोबरीत राहिल्या की आपसातल्या मॅच कोणी जास्त जिंकल्या ते बघतात. पूर्वी अशा वेळी १६३ वी मॅच खेळवायचे, २०२२ पासून ते बंद केलं. दोघांच्या आपसात वर्षाला १३ मॅच, त्यातल्या १० झाल्या आणि त्या ५-५. म्हणजे आता ज्याने तीनपैकी दोन घेतल्या त्याला टाय-ब्रेकरही फुकटात मिळाला. आपण दोन जिंकलो तर टेबलात एकच मॅच पुढे दिसू पण ह्यूस्टनला उरलेल्या सहात आपल्यापेक्षा दोन जास्त जिंकाव्या लागतील, तिन्ही जिंकलो तर चार जास्त, म्हणजे विषयच संपला. उलटं झालं तर हाच हिशोब आपल्या डोक्यावर.
त्यानंतर आपल्याला घरी कोलोराडो आहे, ज्यांनी यंदा हरण्याची शंभरी कधीच ओलांडली, मग डॉजर्स. ह्यूस्टनला ॲथलेटिक्स आणि एंजल्स, दोन्ही बाहेर पण दोन्ही सोपे. डिव्हिजन मिळाली तर प्लेऑफमध्ये (१६२ मॅचनंतरच्या बाद फेऱ्या) पहिला राउंड न खेळताच पुढे जायचा चान्स आहे, नाही तर तीन मॅचचा वाइल्ड कार्ड राउंड, आणि तिथे कोणीही कोणालाही उडवतं. मी ६० टक्के देतो.

अलकापुरीकर
वडोदऱ्याहून. माझा मोठा भाऊ ह्यूस्टनला, त्यामुळे मी विरोधी पक्ष, आधीच सांगतो 😀 ६० टक्के कुठून आणले? आमचा मोठा बॅट्समन अल्वारेझ आत्ताच घोटा मुरगळून बसला, शेवटच्या इनिंगचा बॉलर हेडर ऑगस्टपासून नाही, एवढं असून आम्ही बरोबरीत आहोत. आणि २०२२ ची प्लेऑफ आठवते ना, पहिल्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी अल्वारेझचा होमरन (आपला सिक्सर समजा), तिसरी १८ इनिंग चालली आणि पेन्याच्या एका फटक्यावर १-० संपली. तुमच्या घरी. मोठ्या मॅचमध्ये सिएटलचे पाय लटपटतात, सवयच आहे.

रामबागचा_भिया
भिया, आमच्या इंदुरात कचऱ्याचा डबा ओला-सुका वेगळा करायला ठेवतात, तुमच्याकडे २०१७ मध्ये बॅट्समनला पुढचा बॉल कुठला येतोय ते वाजवून सांगायला ठेवला होता. मोठ्या मॅचच्या गोष्टी तुम्ही नका सांगू.

अलकापुरीकर
झालं, आला डबा. आठ वर्षं झाली, आता तरी भंगारात द्या.

पोहे_आणि_पिच
तुम्ही दोघं भांडा, पण आपल्या कॅचर रॉलीबद्दल कोणी बोलतच नाहीये? मावशी तुम्ही भाच्यामुळे बघता, मी फक्त या माणसामुळे. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर समजा, पण प्रत्येक बॉलला उकिडवं बसायचं, वर्षातून शंभराहून जास्त मॅच, गुडघ्यांचं काय होत असेल देव जाणे, आणि तो पठ्ठ्या ५६ होमरन मारून बसलाय! कॅचरचा रेकॉर्ड ४८ चा होता तो ऑगस्टमध्येच गेला, दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मँटलचा ५४ चा होता तो याच आठवड्यात गेला, आणि सिएटलसाठी ग्रिफीने १९९७ आणि १९९८ ला प्रत्येकी ५६ मारले होते, तिथे आता बरोबरी. शिवाय जुलैत नेलर आणि सुआरेझ हे बॅट्समन घेतलेत त्यामुळे रॉलीला वळसा घालून पुढच्याला बाद करू असं आता चालत नाही. बॉलिंग तर आपली चांगलीच, आणि नुकत्याच सलग दहा जिंकून झाल्यात. मला भीती एकच, २०२३. एका विजयाने प्लेऑफ गेली होती. एका! पूर्ण वर्षात कुठलीही एक हरलेली मॅच काढा, तीच ती.

इंदूरची_मावशी (२१ सप्टेंबर, सकाळी)
पहिली ४-०, दुसरी ६-४!! क्रॉफर्डचा ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन), रॉलीचा ५७ वा, ग्रिफी मागे पडला. पण शेवटी जीव अगदी घशाशी आला होता. रॉबल्सने झेपावून तो कॅच घेतला आणि तिथूनच फेकून बेस सोडून पळालेल्यालाही बाद केलं, मी एवढी ओरडले की हे धावत आले आणि विचारतात हे कुठलं आसन. आता सगळं उघडं पडलंय, आज सर्वपित्री आहे म्हणून फार बोलले नाहीत.
काळजी आपल्या बॉलर वूची वाटते, पहिल्या मॅचमध्ये पाच इनिंगनंतर छातीचा स्नायू धरून बाहेर गेला. तो प्लेऑफला नसला तर?

रामबागचा_भिया
प्लेऑफचं नंतर. टाय-ब्रेकर आला खिशात, दोन मॅच पुढे. आज रात्री दुबईत पाकिस्तान आणि मग पहाटे ही, झोपेचा तर बोऱ्याच वाजला.

अलकापुरीकर (२२ सप्टेंबर)
७-३. दुसऱ्याच इनिंगमध्ये सात रन दिले, मी टीव्ही बंद करून घटस्थापनेच्या तयारीला लागलो. अभिनंदन, सुतक संपलं की बोलतो. आणि त्या डब्याचं कोणी नाव काढलं तर बघा.

पोहे_आणि_पिच
५८ झाले रॉलीचे!! पण अजून सहा मॅच आहेत, २००१ पासून थांबलोय, पेढे आणू नका एवढ्यात.

इंदूरची_मावशी
पेढे नाही आणत. ह्यांनी विचारलंय कोलोराडोची मॅच आपल्याकडे किती वाजता लागते.

रामबागचा_भिया
बुधवारी सकाळी सातनंतर, मावशी. काकांना म्हणावं पोहे-जलेबी घेऊनच बसा.