वेगासहून अँटिलोप कॅन्यन: टूरच घ्या
स्वतः गाडी चालवावी की छोट्या ग्रुपची टूर घ्यावी असं विचारलंयत, तर माझं मत टूर. वेगास ते पेज (अ‍ॅरिझोनातलं गाव, कॅन्यनची अरुंद घळ त्याच्याजवळच आहे) एका बाजूला साडेचार तास, पहाटे निघालो नि मिनीबसमधले निम्मे जण घोरत होते. आणि गाडी नेलीत तरी कॅन्यन नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या जमिनीवर आहे, गाइडशिवाय आत सोडतच नाहीत. आईबाबा असतील तर कॅन्यनचा अप्पर भाग घ्या, सपाट आहे, लोअर भागाच्या लोखंडी शिड्या उतरताना सासूबाईंनी गाइडचा हात जो धरला तो वर येईपर्यंत सोडला नाही :) पावसामुळे टूर रद्द झाली तर चिडू नका हं, १९९७ मध्ये लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा लोअरमध्ये घुसून ११ जण गेले होते.