मदत हवी आहे : ऐरोलीची फ्लेमिंगो बोट आईला झेपेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही कळव्याचे. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाल्याची बातमी वाचल्यापासून आई म्हणतेय, मला बोटीतून फ्लेमिंगो दाखव. येत्या फेब्रुवारीत नक्की न्यायचंच आहे. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट भरती-ओहोटी बघून सोडतात, हे ठाऊक आहे. पण बोटीत चढताना पायऱ्या किती? धरायला कठडा आहे का? तिचे गुडघे फार दुखतात.

मागे नेरुळला काठावरून पाहिले होते. मान खाली, चोच उलटी, चिखलपाणी गाळत चाललेले. एकाने पंख उघडला तर आतून गर्द गुलाबी! आई तासभर जागची हलली नाही.

नुकतंच कोणी ज्येष्ठांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.