मदत हवी आहे: आपत्कालीन स्वयंसेवक गट काढला, पण रंगीत तालमीतच फज्जा उडाला

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

वर्षभरापूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी आमच्या वस्तीत स्वयंसेवकांचा गट सुरू केला. डोक्यात एवढंच होतं की आग, पूर, भूकंप काहीही झालं तरी बंब आणि रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, आणि संकट मोठं असेल तर त्या एकाच वेळी शंभर ठिकाणी हव्या असतात. तोवर आपणच निभावून न्यायचं. पहिल्या बैठकीत ४२ नावं आली. शिट्ट्या, बॅटऱ्या, दोरखंड, हेल्मेटं, चमकणारी जाकिटं असं सगळं पंधरा दिवसांत जमलं. (जाकिटांच्या रंगावर दोन बैठका गेल्या, हेही कबूल करते.) प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं. बाहुलीच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायचा म्हणजे काय, ते दोन मिनिटांत घामाने शिकवलं. आग विझवायचं नळकांडं हातात धरलं, तर काही सेकंदांतच रिकामं! तोपर्यंत मला वाटायचं, ते पाच-दहा मिनिटं तरी चालत असेल.

मग गेल्या महिन्यात रंगीत तालीम घेतली. भूकंप झालाय, वीज गेलीय, लिफ्ट बंद आहे, मोबाईल लागत नाहीत, असं धरून चालायचं. ज्यांना मदत लागेल अशा १७ घरांची यादी आधीच केली होती: एकटे राहणारे म्हातारे, चाकाच्या खुर्चीवरची एक मुलगी, घरी ऑक्सिजन लागणारे एक काका. प्रत्येक घरापुढे दोन-दोन स्वयंसेवकांची नावं लिहिली होती, एक नसला तर दुसरा असावा म्हणून. मी खाली टेबल मांडून बसले आणि येईल त्या निरोपावर यादीत खुणा करत गेले.

४२ पैकी आले ११. त्यातले आठ फाटकाजवळच्या 'जखमी' पोराभोवती गोळा झाले, एका स्ट्रेचरला आठ माणसं. दीड तासाने सगळ्या घरांपुढे खुणा झाल्या, टाळ्या झाल्या, फोटो झाले.

दुपारी एकच्या सुमारास एक फॉर्म द्यायला चौथ्या मजल्यावर गेले. तिथल्या आजोबांचं दार अर्धं उघडं होतं. आजोबा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. पायात बूट, नाड्या बांधलेल्या. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात गोळ्या, चष्म्याचं घर आणि दवाखान्याची फाईल. सकाळी दहापासून असे बसलेले. दोन स्वयंसेवकांपैकी एक परगावी होता. दुसऱ्याला वाटलं, पहिला गेला असेल. आणि खाली कुणीतरी "चौथा मजला झाला" म्हणालं तेव्हा खूण मीच केली होती.

आजोबा रागावले नाहीत. म्हणाले, "मग आता बूट काढू ना?"

तेव्हापासून झोप उडालीय. तालीम होती म्हणून निभावलं.

मला विचारायचंय ते असं. घरं वाटून देताना असं होऊ नये म्हणून काय करता येईल? दुसरं म्हणजे, यादीचा फोटो आमच्यातल्या एकाने फोनवरच्या ग्रुपात टाकला. एका काकूंनी मला गाठून चांगलंच सुनावलं, "मी एकटी राहते हे आता सगळ्या वस्तीला कळलं." त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांच्यासह दोन घरांनी नाव काढून घेतलं. यादी न ठेवावी तर मदत कशी करणार, आणि ठेवावी तर कुणाकडे? तिसरं, आता बैठकीला सात-आठच जण येतात, आणि त्यातल्या दोघांना ढिगारा कापायची करवत आणि जनरेटर घ्यायचाय. घ्यावा का?

अनुभवी लोकांनी सांगा. कानउघाडणी केलीत तरी चालेल.

प्रतिसाद १

अग्निशमन दलात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. करवत घेऊ नका. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीच्या भूकंपात साध्या नागरिकांनी सुमारे ८०० लोकांना ढिगाऱ्यातून बाहेर काढलं, पण ते करताना शंभराहून जास्त स्वयंसेवक स्वतः मेले. माणसं शूर होती, शिकवलेलं कुणी नव्हतं. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्याच वर्षी नागरिकांना शिकवायची योजना आखली ती यातूनच, आणि त्या शिकवणीत आधी स्वतःचा जीव सांभाळायला आणि फार मोडलेल्या इमारतीत न शिरायला शिकवतात. इमारत कललेली, तडकलेली दिसली तर बाहेरून हाका मारा, कुठल्या खोलीतून उत्तर आलं ते लिहा, आणि आमची गाडी आली की तो कागद आमच्या हातात द्या. तुम्हाला कल्पना नाही, त्या एका कागदाने आमचा किती वेळ वाचतो.

आता आजोबांचं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं. एका घरापुढे दोन 'किंवा' नावं लिहायचीच नाहीत. जोडी करा, दोघांनी मिळूनच जायचं, आणि जोडीतला एक नसेल तर दुसऱ्याने आधी टेबलाशी येऊन तसं सांगायचं. अशा दोन-तीन जोड्यांवर एक प्रमुख. एका माणसाला साधारण पाच जण सांभाळता येतात, सातच्या पुढे गेलात की गोंधळ. तुम्ही एकट्या ११ जणांचे निरोप घेत होतात, तिथेच गडबड झाली.

आणि "झालं" या शब्दावर खूण करायची नाही. जो दार वाजवून आला त्यानेच येऊन सांगायचं, काय पाहिलं ते: "आजोबांशी बोललो, चालता येतंय, गोळ्या जवळ आहेत." एवढं ऐकलं तर खूण. दार उघडलं नाही तर वेगळी खूण.

प्रतिसाद २

एखादं अ‍ॅप करून टाका ना. नकाशावर घरं, हिरवी-लाल टिंबं. यादीचा घोळच नको.

धागाकर्ती

सुचवल्याबद्दल आभार, पण वीज आणि मोबाईल दोन्ही गेलेत असं धरूनच तालीम होती. :)

प्रतिसाद ३

अ‍ॅपचं राहू द्या, पण फोन अगदीच निकामी समजू नका. गर्दीच्या वेळी कॉल लागत नाही तरी साधा एसएमएस बरेचदा उशिरा का होईना पोचतो. परगावच्या एका नातेवाइकाचा नंबर घरातल्या सगळ्यांनी पाठ करावा. निरोप त्याच्याकडे ठेवायचा, बाकीच्यांनी त्यालाच विचारायचं.

प्रतिसाद ४

मी नर्स आहे. यादीबद्दल लिहिते, कारण त्या काकूंचा राग मला अगदी पटला.

तुम्ही लोकांची सगळी माहिती तुमच्याकडे गोळा करताय. ती त्यांच्याच घरात राहू द्या. ब्रिटनमध्ये लायन्स क्लबचा एक साधा उपक्रम आहे: छोटी प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात आजार, औषधं, अ‍ॅलर्जी, जवळच्या माणसाचा नंबर लिहिलेला कागद, आणि बाटली फ्रिजमध्ये. फ्रिज अशासाठी की तो घरोघरी असतो आणि चटकन सापडतो. दाराच्या आतल्या बाजूला आणि फ्रिजवर खुणेचा स्टिकर, म्हणजे मदतीला आलेल्याला कळतं. तुमच्याकडे मग फक्त घर क्रमांक आणि 'आधी जा' एवढंच राहील. तोही कागदच, दोघांकडे, पाकिटात बंद. आणि फोटो काढायचा नाही हे तोंडी सांगून चालत नाही, पाकिटावर लिहा.

ऑक्सिजनवाल्या काकांना मात्र एक प्रश्न आजच विचारा. वीज गेली तर मशीन बंद पडणार. जवळ भरलेला सिलिंडर आहे का, किती तास पुरतो? तेवढ्या तासांत काय करायचं ते ठरलेलं हवं. त्यांच्यासाठी वीज गेली म्हणजेच आणीबाणी, त्याला भूकंप कशाला हवा! इन्सुलिन घेणारे कोण आहेत तेही बघा, ते गार ठेवावं लागतं.

जनरेटर घेतलात तर जिन्यात, गॅलरीत, पार्किंगच्या बंद जागेत कधीही लावू नका. दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब, उघड्यावर. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. वादळातून वाचलेली माणसं नंतर जनरेटरच्या धुराने दगावतात, असं फार होतं.

प्रतिसाद ५

आमचाही गट होता. दुसऱ्या वर्षी आटला, तिसऱ्या वर्षी पुन्हा उभा राहिला, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो.

७-८ जण राहिलेत म्हणून खट्टू होऊ नका. ४२ नावं होती तेव्हाही कामाचे तेवढेच होते. आम्ही चूक केली ती दर महिन्याला दोन तासांची बैठक ठेवून. आता दोन महिन्यांतून एकदा, अर्धा तास, आणि दर वेळी हाताने करायचं एकच काम: गॅसचा कॉक बंद करणं, नाहीतर अंधारात जिना उतरणं, नाहीतर चादरीत माणूस उचलणं. गटप्रमुखालाच 'जखमी' करून एक तालीम घ्या. आमच्याकडे त्या दिवशी कळलं की किल्ल्या कुठे असतात ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. ज्यांना उचलापाचल जमत नाही त्यांना टेबलावर बसवा. आमच्या सगळ्यात भरवशाच्या सदस्य गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एक मावशी आहेत, त्यांच्या वहीत कधी खाडाखोड नसते.

बाकी यादीत काय हवं याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. अडकलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढलं. तिथून जवळच आवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं, भूकंपाच्या अगदी उगमाशी. घरं कोसळली, माणसंही गेली, पण तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाला कोण कुठल्या खोलीत झोपतं हे माहीत होतं. ढिगाऱ्यात नेमकं कुठे खणायचं ते कळलं आणि त्याच दिवशी सगळ्यांचा शोध पुरा झाला. ते कुठल्या कागदावर नव्हतं, रोजच्या येण्याजाण्यातून माहीत झालेलं होतं. तुमच्या जोडीने महिन्यातून एकदा आजोबांकडे नुसतं बसून यावं.

आणखी एक, जपानमध्येच काही वस्त्यांत उलटी पद्धत आहे. जे सुखरूप आहेत त्यांनी दाराला पिवळं फडकं बांधायचं. फडकं नसेल ते दार आधी वाजवायचं. यात कुणी एकटं राहतं हे जाहीर करावं लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. करवत बाद. काकांकडे काल जाऊन आले, सिलिंडर आहे, पण तो उघडायची चावी कुठे आहे हे घरात कुणालाच आठवेना. शेवटी ती शिवणाच्या डब्यात निघाली. आता सिलिंडरच्या मानेलाच बांधून ठेवलीय.

चौथ्या मजल्यासाठी नवी जोडी ठरली, त्यातली एक मी. काल बसून आले आजोबांकडे. आतल्या खोलीत, खिडकीच्या बाजूला झोपतात. पिवळ्या फडक्याची कल्पना त्यांना आवडली, कपाटातून एक जुना रुमाल काढूनही ठेवला. मग म्हणाले, "रात्री दिवे गेल्यावर हा पिवळा दिसणार कसा तुम्हाला?" मला काही सांगता आलं नाही. प्रतिसाद ५ वाले दादा, तुमच्याकडे रात्रीचं काय करता? आणि दाराची कडी आतून लावलेली असेल, आणि आजोबांना उठता येत नसेल, तर?