शोकपत्रिकेतली एक ओळ चुकली. मेल्यानंतर माणूस कुठं जातो, याबद्दल कोण काय मानतं?

परभणीचा छापखाना:

नमस्कार मंडळी. परभणीत माझं छपाईचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि शोकपत्रिका. लग्नसराई संपते, शोकपत्रिकांचं काम बारा महिने चालू असतं.

मागच्या महिन्यात एक मुलगा आईच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायला आला. बौद्ध कुटुंब. ऑपरेटर सुट्टीवर होता म्हणून मीच मशीनवर बसलो. कोरलड्रॉमध्ये जुनी फाइल उघडली, नाव बदललं, फोटो बदलला, वर ‘पुण्यानुमोदन’ टाकलं आणि खालची ओळ तशीच राहून गेली: ‘मृतात्म्यास चिरशांती लाभो हीच ईश्वरचरणी प्रार्थना.’ प्रूफ त्यानं मोबाइलवर घाईत बघितलं. घरात माणूस गेलेलं, तो काय बारकाईनं वाचणार? मी तीनशे प्रती काढल्या.

संध्याकाळी गठ्ठा घ्यायला आला तेव्हा त्यानं नीट वाचलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, “काका, माय बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणायची. आत्मा मानायची नाही, ईश्वर मानायची नाही. तुम्ही तिच्या फोटोखाली दोन्ही लिहिलेत. आता तिला ‘हे माझं नाही’ असं म्हणताबी येईना.”

रात्री बसून तीनशे पत्रिका नव्यानं काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. पण त्याचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही.

नंतर मी जुन्या फायली चाळल्या. बावीस वर्षं तीच एक ओळ, सगळ्यांच्या फोटोखाली. एका मुस्लिम घराच्या फ्लेक्सवर मी ‘स्वर्गवासी’ लिहिलंय. लिंगायत आजोबांना ‘कै.’ लावलंय. कुणी बोललं नाही. त्या दिवसांत कुणाला बोलायची ताकद असते?

म्हणून आता दुकानात एक वही ठेवायची आहे. नुसते शब्द नकोत, ते मला ग्राहकही सांगतील. शब्दामागं काय मानतात, ते तुमच्याकडून हवं आहे. ज्यानं त्यानं आपल्या घरचं सांगावं.

आणि एक प्रश्न माझा स्वतःचा. वडील गेल्या मार्गशीर्षात गेले. गंगाखेडला गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, घाटावर दहावा केला, पिंड ठेवले. तिथंच गुरुजींनी सांगितलं की आत्मा जुनं वस्त्र टाकून नवं घेतो. आणि पत्रिकेवर मी माझ्या हातानं छापलं ‘कैलासवासी’. म्हणजे वडील कैलासावर आहेत, की कुणाच्या तरी घरी लेकरू होऊन जन्मलेत, की आमच्या पिंडाची वाट बघत मध्येच थांबलेत? तिन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि मॅटर लिहायला हात उचलत नाही.

नागसेनवनातला:

दादा, रात्री बसून पत्रिका पुन्हा काढून दिल्यात, हे त्या मुलाच्या लक्षात राहील.

मी मिलिंद महाविद्यालयाचा विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला हे कॉलेज काढलं. कॉलेजला नाव मिलिंदाचं, परिसराला नागसेनाचं. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि नागसेन त्याच्या शंकांना उत्तरं देणारा भिक्खू. तुम्ही वडिलांबद्दल जे विचारताय, त्याच्या जवळचंच राजानं विचारलं होतं: एका शरीरातून दुसऱ्यात काही जात नसेल, तर पुन्हा जन्म होतो तो कसा? भिक्खूनं उलट विचारलं, एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात गेलं का? गेलं नाही. पण पहिल्याशिवाय दुसरा पेटलाही नसता.

आमच्याकडं ‘आत्म्यास शांती’ चालत नाही ते यासाठी. शांती द्यायला कायम टिकणारा आत्माच नाही. बाबासाहेबांनीही हेच धरून सांगितलं की ज्या महाभूतांचं शरीर बनलं ती आपापल्या साठ्यात मिसळतात, आत्मा म्हणून काही प्रवासाला निघत नाही.

नावाआधी ‘कालकथित’ लिहा. त्यात कुठं पोहोचल्याचा दावा नाही. खाली ‘भावपूर्ण आदरांजली’. कार्यक्रमाला कुणी पुण्यानुमोदन म्हणतं, कुणी जलदान विधी, ते घरच्यांना विचारा. श्राद्ध, तेरवी हे शब्द कटाक्षानं टाळा, कारण श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही सहावी प्रतिज्ञाच आहे. एखादी ओळ हवीच असेल तर पालीतली ‘अनिच्चा वत संखारा’ घ्या. जे जे घडलेलं आहे ते अनित्य आहे, एवढाच तिचा अर्थ, आणि आमच्याकडं माणूस गेल्यावर तीच म्हणतात.

वाटसरू:

एवढा खल कशाला? सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. सगळ्यांना ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहा आणि मोकळे व्हा.

परभणीचा छापखाना:

वाटसरू, बावीस वर्षं मी तेच केलं. सगळे एकच सांगत असते तर त्या मुलाच्या डोळ्यात पाणी आलं नसतं. वरच्या उत्तरात आत्माच नाही म्हणतायत आणि माझे गुरुजी आत्मा अमर म्हणतायत. या दोन्हीला एक म्हटलं तर दोघांचंही ऐकून घेतलं नाही असं होईल.

नागसेनवनातल्या दादांचं पूर्ण उत्तर वहीत उतरवून घेतलं.

बीडचा:

भाई, ‘स्वर्गवासी’ लिहिलंत म्हणून कुणी राग धरला नसेल, पण फरक मोठा आहे. आमच्याकडं पुरुषाला ‘मरहूम’, बाईला ‘मरहूमा’. हा शब्द ‘रहम’मधून आला. ज्याच्यावर अल्लाहची दया व्हावी तो मरहूम. तुमच्या ‘कैलासवासी’त माणूस पोहोचला असं म्हटलंय. मरहूम म्हणताना आपण फक्त मागतो. पोहोचला की नाही, ते कुणालाच माहीत नाही.

आपल्या खुलताबादचं नाव बघा. औरंगजेब १७०७ साली वारला, मग त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणू लागले, म्हणजे ज्याचं घर कायमच्या स्वर्गात आहे असा. गावाचं नाव त्यावरून पडलं. बादशहांना मागाहून असे किताब द्यायची रीतच होती. पण माझे आजोबा घरातल्या कुणाच्या नावाला ‘जन्नतनशीन’ लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, जन्नतचा फैसला तू करणारा कोण?

आमच्यात जन्म एकदाच. मेल्यापासून कयामतपर्यंतचा जो काळ, त्याला बरजख म्हणतात. कबरीत दोन फरिश्ते येऊन विचारतात, तुझा रब म्हणजे पालनकर्ता कोण, तुझा दीन म्हणजे धर्म कोणता. कयामतीला सगळे उठवले जातील आणि हिशेब होईल. तोवर जिवंत माणसाच्या हातात आहे ती दुआ. जनाजाच्या नमाजमध्ये रुकू म्हणजे वाकणं नाही, सजदा म्हणजे कपाळ टेकणं नाही. उभ्यानंच चार तकबीर, म्हणजे चार वेळा ‘अल्लाहु अकबर’, आणि त्या माणसासाठी माफीची दुआ. म्हणून पत्रिकेवर ‘दुआ-ए-मगफिरत’ लिहा. चाळीसावा काही घरांत करतात, काही घरांत मुळीच मानत नाहीत, तेव्हा आधी विचारा.

एक कामाची गोष्ट. ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ ही कुराणातली आयत आहे: आम्ही अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडंच परतणार. लोक हौसेनं छापा म्हणतात. पण पत्रिका रद्दीत जाते, फ्लेक्स पावसात फाटून पायाखाली येतो. घरातल्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय आयत घेऊ नका. फोटोचंही तसंच, बऱ्याच घरांना तो नको असतो.

औसेकर:

आमच्या लिंगायतांत ‘लिंगैक्य’. वरचं उत्तर वाचताना जाणवलं की आमचा शब्द पोहोचल्याचंही सांगत नाही आणि मागतही नाही. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य या सहा पायऱ्या, त्यातली शेवटची ऐक्य. इष्टलिंग आयुष्यभर गळ्यात असतं. गेल्यावर माणसाला विभूती लावून, बसलेल्या स्थितीत, ते लिंग तळहातावर ठेवून समाधी देतात. जाळत नाहीत. लिंगात मिसळला त्याला कैलास कशाला आणि पुढचा जन्म कुठला? सुतकही मानायचं नाही अशी शिकवण आहे, पाळणारे पाळतात तो भाग वेगळा. तुमच्या त्या आजोबांच्या घरी एकदा जाऊन या, असं मला वाटतं.

जालन्याची:

भाऊ, आमच्याकडं ‘ख्रिस्तवासी’ लिहितात, किंवा ‘प्रभूमध्ये झोपी गेले’. झोप हा शब्द मुद्दाम आहे. झोपलेला माणूस उठतो. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ हे येशूचं वचन माझ्या आईच्या कबरीच्या दगडावर आहे. बीडच्या दादांसारखंच आमच्यातही जन्म एकच आणि शेवटी न्याय. फरक असा की येशू मरणातून उठला म्हणून आपणही उठू, हा आमचा आधार.

अंबाजोगाईकर:

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मी संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे.

तुम्हाला तिन्ही एकदम खरं कसं असं वाटतंय, कारण तिन्ही विचार वेगवेगळ्या काळातले आहेत आणि आपण ते एका पत्रिकेत आणून ठेवले. पितरांचा लोक आणि तिथला यम ही सर्वांत जुनी कल्पना. पिंड तिच्याशी जोडलेले. पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांनी गेलेल्याला पुढच्या वाटेसाठी देह तयार होतो, मग सपिंडीकरणानं तो बाप, आजा, पणजा यांच्या ओळीत जाऊन बसतो. म्हणजे तो वाट बघतोय, हे या विचारात बरोबरच आहे.

बृहदारण्यक उपनिषदात दृष्टान्त वेगळा. गवतावरची अळी पात्याच्या टोकाशी आली की पुढचा आधार धरते आणि मगच मागचं अंग ओढून घेते, तसा आत्मा नवं शरीर धरतो. गीतेतलं जुन्या वस्त्राचं उदाहरण याच वाटेवरचं. इथं थांबणं फारसं नाही. आणि स्वर्गाबद्दल गीता नवव्या अध्यायात स्पष्ट सांगते, पुण्य संपलं की परत मर्त्यलोकात यावं लागतं. कैलास, वैकुंठ यांना भक्तांनी त्या स्वर्गात धरलं नाही. तिथून परतायचं नसतं.

मग जन्म घेतलेल्या बापाला पिंड पोहोचतो कसा? जुन्यांनाही हे टोचलं होतं. पुराणांनी उत्तर दिलं की बाप देव झाला असेल तर ते अन्न त्याला अमृत होऊन मिळतं, जनावर झाला असेल तर गवत होऊन. तुम्हाला हे तर्कात बसेल न बसेल. मला मात्र त्यातली माया दिसते: तो कुठंही, कोणत्याही रूपात असो, त्याला चालेल असंच अन्न त्याच्या तोंडी पडावं.

जैनांनी हे मुळातच नाकारलं. त्यांच्या मते जीव शरीर सोडताच काही समयांत, म्हणजे काळाच्या अगदी सूक्ष्म मापात, दुसऱ्या जन्मी पोहोचतो. वाट बघणारं कुणी नाही, मग पिंड कुणाला? वेरूळला १ ते १२ लेणी बौद्ध, २९ पर्यंत हिंदू, ३० ते ३४ जैन. डोंगर एकच, चालत अर्धा दिवस पुरतो, आणि तुमच्या या एका प्रश्नाला तिथं तीन उत्तरं मिळतात.

एक विचारतो. वडील माळकरी होते का? कारण वारकऱ्याचं चौथंच असतं. तुकोबांनी मुक्ती नको म्हटलं, संतांची संगत दे आणि सुखानं गर्भवासी घाल म्हटलं. त्यांना परत येण्याची भीतीच नव्हती.

नांदेडचा:

शिखांचं राहिलं. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजी इथंच नांदेडला ज्योतीत ज्योत मिळाले, असंच आम्ही म्हणतो. साध्या माणसासाठी ‘अकाल चलाणा’, म्हणजे काळापलीकडच्या परमेश्वराकडं निघणं, आणि पत्रिकेवर ‘अंतिम अरदास’, म्हणजे शेवटची प्रार्थना. जन्ममरणाचा फेरा आम्ही मानतो, पण सुटका गुरूच्या कृपेनं, आणि ती स्वर्गात जाण्यासाठी नाही. पाण्यात पाणी मिसळावं तसं मिसळून जाण्यासाठी. हिंगोलीच्या नरसीचे नामदेव महाराज आमच्या ग्रंथसाहिबात आहेत, ६१ पदं. तुमच्या भागातून कुणी पाठाला आलं तर मी त्यांना आवर्जून ऐकवतो.

परभणीचा छापखाना:

सगळ्यांचं वहीत उतरवलं, चौदा पानं झाली. औसेकर, काल त्या आजोबांच्या घरी जाऊन आलो. सुनेनं चहा दिला आणि जुनी पत्रिका कपाटातून काढून दाखवली. ‘कै.’ त्यांनी तेव्हाच पेनानं खोडून वर ‘लिंगैक्य’ लिहिलं होतं. मला तेव्हा सांगितलं नव्हतं. नव्यानं वीस पत्रिका छापून नेऊन देणार आहे, घरात ठेवायला.

अंबाजोगाईकर सर, वडील माळकरी होते. बेचाळीस वर्षं आषाढी चुकवली नाही. आईला विचारलं, काय लिहू? तिनं माळेची पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, “त्यायनी कैलासाचं नाव कवा काढलं होतं रे?”

मॅटर केलं. नावाआधी ‘वै.’ आहे, वैकुंठवासी. आईनं दोनदा प्रूफ वाचलं, उद्या सकाळी छापायला घेतो.