नागरिकत्व 'बहाल' करायचं की 'प्रदान'?

भाषांतरी : हाँगकाँगवरच्या लेखाचं भाषांतर चालू आहे. १९८९मध्ये चीनने बीजिंगच्या तिआनमेन चौकातलं लोकशाहीवादी आंदोलन चिरडलं, त्यानंतर तिथले डॉक्टर, इंजिनिअर, सरकारी अधिकारी भराभर कॅनडा-ऑस्ट्रेलिया गाठू लागले. ही ब्रिटिश वसाहत १९९७मध्ये चीनकडे जायची होती. तोपर्यंत आणि पुढेही त्यांनी हाँगकाँगमध्येच राहावं म्हणून ब्रिटनने १९९०मध्ये कायदा केला : ५०,००० कुटुंबप्रमुखांना, शिवाय त्यांच्या जोडीदाराला आणि अज्ञान मुलांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व. पासपोर्ट हातात असला की माणूस निर्धास्त राहील, हा हिशेब. मी 'नागरिकत्व बहाल केले' लिहिलं. संपादकांनी 'प्रदान' केलं. बहाल म्हणजे गेलेलं परत देणं, म्हणे.

जुनी वही : ते हिंदीत. निलंबित कर्मचारी तिकडे बहाल होतो. मराठीत वतन, इनाम, पदवी सगळं बहालच होतं. प्रदान पुरस्काराचं, त्याला समारंभ लागतो.

सनदवाला : मूळ फारसी 'ब-हाल', म्हणजे आहे त्या स्थितीत. आणि इथे तर संपादकांचा अर्थही चपखल बसतो! १९६२पर्यंत हाँगकाँगच्या ब्रिटिश प्रजाजनाला ब्रिटनमध्ये जाऊन राहता येई. त्या वर्षीच्या कायद्याने दार लोटलं, १९८१च्या कायद्याने कडी घातली. १९९०मध्ये काहींना तरी ते परत मिळालं. बहालच लिहा.

साधं बोल : फारसीची एवढी भलामण कशाला? 'दिले' लिहा.

भाषांतरी : नुसतं 'दिले' म्हटलं की सरसकट वाटतं. इथे अर्ज होते. वय, अनुभव, शिक्षण, इंग्रजी यांना गुण होते, त्यावर निवड.

मांडवीकाठ : आमच्या गोव्यात याच्या अगदी उलट घडलं. १९ डिसेंबर १९६१पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. लिस्बनला जन्मनोंद करायची, पासपोर्ट काढायचा आणि ब्रेक्झिटपूर्वी, ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा, थेट इंग्लंडात स्विंडन. आमच्या वाड्यावर कितीतरी घरांना कुलपं आहेत, पावसाळ्याआधी कौलं शाकारायला माणूस नाही. एका पासपोर्टाने माणसं थांबवायची होती, दुसऱ्याने गावं रिकामी केली.

जुनी वही : पण ती माणसं भारतीय नागरिकत्व सोडून जातात, हे विसरू नका.

मांडवीकाठ : विसरलो नाही. पोटासाठी गेलेल्यांना बोल लावू नका. आणि पोर्तुगालच्या कायद्याने ते जन्मापासूनचेच नागरिक धरले जातात. तिथे ना बहाल, ना प्रदान. नुसती नोंद.

साधं बोल : मग हाँगकाँगच्या त्या पासपोर्टांना चीनने तरी कुठे मानलं? त्याच्या लेखी ते चिनीच नागरिक.

सनदवाला : म्हणून तर देणाऱ्याच्या बाजूचा शब्द हवा. बहाल!