कॉर्नफ्लॉवर तेच, मग आमच्याच सॉसला पाणी का सुटतंय?

निपाणीवाला: नमस्कार मंडळी, घरी शेजवान सॉस आणि ग्रेव्ही करून निपाणी-संकेश्वरच्या चायनीज गाड्यांवर देतोय. केल्यादिवशी मस्त घट्ट असतोय, पण फ्रीजमध्ये राहिला की वर पाणी आणि खाली थलथलीत गोळा, व्हिनेगर जरा जास्त झालं की उकळतानाच पातळ. कंपनीच्या बाटलीवर मॉडिफाइड स्टार्च १४२२ लिहिलंय. ते काय असतंय ओ, आणि केमिकल म्हटल्यावर खायला चालतंय काय?

टिळकवाडी_फूडटेक: मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण पाव भाग अमायलोज, म्हणजे सरळ साखळ्या, बाकी फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. ६२ ते ७२ डिग्रीला दाणे पाणी पिऊन फुगतात म्हणून ग्रेव्ही दाट होते, गार झाली की अमायलोजच्या साखळ्या परत एकमेकींना चिकटतात आणि मधलं पाणी बाहेर पडतं, तेच तुम्हाला वर दिसतंय. व्हिनेगरचं प्रकरण वेगळं, आम्ल आणि उकळी मिळून साखळ्याच तोडतात, त्यात फुगलेला दाणा नाजूक, मिक्सर फिरवला की फुटलाच.

१४२२ हा खाण्यात घालायच्या पदार्थाचा लेबलवरचा नंबर, म्हणजे ॲसिटिलेटेड डायस्टार्च ॲडिपेट. ॲडिपिक आम्लानं साखळ्यांना मधेमधे टाके घातलेले असतात, त्यामुळं दाणा फुगतो पण फुटत नाही, आंबटात आणि उकळीत टिकतो. टाके अगदी विरळ हं, शेकडो ग्लुकोजमागे एखादा, आणि एवढ्यानं सगळा स्वभाव बदलतो! जास्त झाले तर दाणा फुगतच नाही. सर्जिकल ग्लोव्हजमधली पावडर तसल्याच स्टार्चची असायची. दुसरं म्हणजे ॲसिटाइल गट जोडतात, ते साखळ्यांना जवळ येऊ देत नाहीत, म्हणून फ्रीजमध्ये पाणी सुटायचं कमी होतं. खाण्याच्या स्टार्चमध्ये ॲसिटाइल २.५ टक्क्यांच्या वर चालत नाही. आणि खायला चालतंय, जेक्फा या आंतरराष्ट्रीय समितीनं याला रोजची कमाल मर्यादा घालायची गरजच मानली नाही.

खासबागचा_मागवाला: आमच्यात उलटं गणित हाय बघा. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ द्यायला साधा स्टार्च शिजवला की एवढा दाट होतोय की धाग्यात शिरतच नाही, वरच बसतोय आणि मागावर पावडर होऊन झडतोय. म्हणून सायझिंगला, म्हणजे ह्या खळीला, पातळ केलेला घेतात, ॲसिडनं साखळ्या तोडलेला नाहीतर हायपोक्लोराइटनं ऑक्सिडाइज केलेला. तो जास्त टक्क्यानं घातला तरी वाहतोय, गार झाल्यावर लगेच थिजत नाही, धाग्यावर पापुद्रा पण लवचिक बसतोय. तुम्हाला दाटपणा टिकवायचाय, आम्हाला घालवायचाय.

गोकाकची_अक्का: एवढं कशाला ते? आमच्यात आंबिल करताना कुणी १४२२ घालत नाही, तांदळाचं पीठ लावा की.

टिळकवाडी_फूडटेक: अक्का, आंबिल त्याच दिवशी संपतंय, ह्यांचा सॉस बाटलीत आठवडाभर ठेवायचाय. तांदळाच्या पिठालापण गार झाल्यावर पाणी सुटतंच.

निपाणीवाला: व्हय, आता डोक्यात उजेड पडला. साध्या कॉर्नफ्लॉवरमध्ये हेच केमिकल घरी घालून होईल काय?

टिळकवाडी_फूडटेक: अजिबात नको. पीएच आणि तापमान धरून करायचं आणि नंतर नीट धुवायचं काम आहे ते, किचनमधलं नव्हे. बेकरी मटेरियलवाल्याकडं फूड ग्रेड १४२२ नाहीतर १४४२ मागा. १४४२ ला हायड्रॉक्सीप्रोपिल गट असतात, फ्रीझरमधला माल वितळवायचा असेल तर तो जास्त चांगला. कागदाच्या मिलसाठीचा कॅशनिक स्टार्च स्वस्त मिळाला म्हणून कुणी गळ्यात मारला तर घेऊ नका, तो खायचा नव्हे. मिळेपर्यंत साध्यावरच करायचं असेल तर व्हिनेगर गॅस बंद करायच्या जरा आधी घाला, दाट झाल्यावर मिक्सर लावू नका आणि माल थोडा थोडा करा. लेबलवर नंबर मात्र छापा.